लक्ष्मीबाई टिळक

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील गोखल्यांच्या घरी सोवळ्याओवळ्याचे विलक्षण प्रस्थ होते. १८५७ च्या उठावात घरधन्याच्या सासऱ्यांना इंग्रज सरकारने फाशी दिले, आणि त्या धक्क्याने आपले घर विटाळले असे घरधन्याच्या मनाने घेतले. तेव्हापासून बाहेरची कोणतीही वस्तू धुतल्यावाचून घरात येईनाशी झाली. धान्याची गोष्ट सोडाच, मीठदेखील धुऊन घ्यावे लागे! धुतलेल्या मिठातले किती मीठ स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. अशा या घरात १८६८ साली मनकर्णिका नावाची मुलगी जन्मास आली. घरातील माणसे तिला मनू म्हणत. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने महाराष्ट्राला परिचित झाली.

त्या काळच्या रीतीप्रमाणे मनूचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले. पती नारायण वामन टिळक हे संस्कृतचे व्यासंगी, प्रतिभावान कवी आणि अत्यंत उदार मनाचे गृहस्थ होते. परंतु संसाराला लागणारी व्यवहारदृष्टी त्यांच्या ठिकाणी मुळीच नव्हती. त्यांना राग जितक्या लवकर येई तितक्याच लवकर तो जाई. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन ते मोकळे होत आणि घरी चूल कशी पेटणार ही चिंता पत्नीवर सोपवीत. मनाला आले म्हणजे कोणाला न सांगता ते दूरच्या गावी निघून जात. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव असा हा संसार फिरत राहिला. पोटची काही मुलेही लक्ष्मीबाईंना लहानपणीच गमवावी लागली. पतीवरील त्यांची माया मात्र उणावली नाही. त्या रागावत, भांडत, रडत. पण थोड्याच वेळाने घडल्या प्रकाराकडे पाहून त्यांना हसूही येई. ही हसण्याची शक्ती त्यांना जन्मभर पुरली.

टिळकांनी आपल्या पत्नीला स्वतः लिहावाचावयास शिकविले. शिक्षक उतावळा आणि विद्यार्थिनी संसारात गुंतलेली. त्यामुळे हे शिक्षण धडपणे कधीच झाले नाही. शुद्धलेखनाशी तर लक्ष्मीबाईंचे शेवटपर्यंत जमले नाही.

१८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना बायबलची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचन वाचून टिळकांचे मन हेलावून गेले. पुढे दोन वर्षे त्यांनी अभ्यास केला, पत्रव्यवहार केला आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई तेव्हा आपल्या माणसांत होत्या. ही बातमी कानी पडताच त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत असून संसार संपला होता! लहानग्या दत्तूला उराशी धरून त्यांनी काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने काढली. त्यांतला काही काळ त्या पंढरपुरासही होत्या. दुःख अनावर झाले म्हणजे त्यांच्या मुखातून कवितेच्या ओळी उमटत. काव्यरचना त्यांना कोणी शिकविली नव्हती.

टिळक अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले होते. ते पत्रे पाठवीत, भेटीस येत. शेवटी लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडे जाण्याचे ठरविले. नातलगांनी भीती घातली, लोकांनी नावे ठेविली. त्यांच्या स्वतःच्या मनातही शंकांचे काहूर माजले होते. त्या नगरास गेल्या, परंतु स्वतःचा धर्म सोडून नव्हे. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कडक! पती ख्रिस्ती आणि पत्नी सोवळ्यातली असा हा अपूर्व संसार नगरकरांच्या कौतुकाचा आणि कुचेष्टेचा विषय झाला नसता तरच नवल. टिळकांनी पत्नीवर बळजबरी केली नाही, हे त्यांच्या मोठेपणास शोभण्यासारखेच होते. आणि पतीने धर्म बदलला, म्हणून आपणही बदलावा, हे लक्ष्मीबाईंच्या मनाला पटत नव्हते. पतीच्या अनेक लहरी त्यांनी निमूटपणे सोसल्या होत्या. परंतु देवाच्या बाबतीत उसना विश्वास त्यांना नको होता.

एकदा विचार करता करता त्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने वेगवेगळे प्राणी निर्माण केले, त्यांची रूपे निरनिराळी केली. मग जातीही त्यानेच केल्या असत्या, तर माणसामाणसांत तसाच भेद दिसावयास हवा होता. तो तर कोठेच दिसत नाही! लक्ष्मीबाई पुष्कळ वेळ याच विचारात गढून गेल्या. शेवटी जाती माणसाच्याच आहेत असा त्यांचा निश्चय झाला आणि यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे असे त्यांनी ठरविले. ज्या घरात मीठ धुतले जाई, त्या घरच्या मुलीचे हे पाऊल होते. बाप्तिस्मा अद्याप दूर होता. तो त्यांनी पुढे १९०० साली, स्वतः ख्रिस्ताच्या शिकवणीचा विचार करून, आपल्या इच्छेने घेतला.

बाप्तिस्म्याने अडचणी संपल्या नाहीत. उलट, आता खरी परीक्षा होती. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला होता. अनाथ मुलांनी मिशनच्या शाळा भरून गेल्या होत्या. प्लेगाचाही फेरा चालू होता. राहुरीस आणि नगरास टिळकांच्या घराचे दार कोणालाही बंद नसे. कोण केव्हा जेवावयास येईल आणि कोण कायमचा राहावयास येईल, याचा नेम नव्हता. लक्ष्मीबाई कुरकुरत नसत असे म्हणणे खरे होणार नाही; परंतु कुरकुर करता करताच त्या आणखी एक पान मांडीत. एके काळी ज्यांची सावलीदेखील त्यांनी टाळली असती, त्यांच्या मुलांना त्या आता न्हाऊमाखू घालीत, जेवू घालीत. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, हेही काही काळ नगरास या घरी राहिले. त्या हळव्या तरुण कवीला लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. कष्टाने बसविलेली घडी पुन्हा विसकटली. हे लक्ष्मीबाईंना सोपे गेले नाही; तरीही त्यांनी पतीची साथ सोडली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले.

टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच होते. येशूचे चरित्र मराठी पद्यात गावे, ही त्यांची मोठी हौस होती; परंतु थोडेच अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले. हे काम पुढे कोणी न्यावे? ज्या बाईंना चार ओळी शुद्ध लिहिताना अडखळावयास होई, त्यांनीच ते शिरावर घेतले. वय झालेले, प्रकृती ढासळलेली. तरीही नेटाने त्यांनी तब्बल ६४ अध्याय रचले. पतीच्या अपुऱ्या संसाराचा गाडा त्यांनी जन्मभर पुढे नेलाच होता. आता त्याच्या काव्याचाही नेला.

याच काळात पुत्र देवदत्त यांनी वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाई लिहू लागल्या. त्यांची भाषा घरात बोलावी तशी होती; तिला अलंकाराचा सोस नव्हता. जलालपूरचे सोवळे, टिळकांचे लहरी वागणे, पंढरपूरचे अश्रू, नगरचा दुहेरी संसार हे सारे त्यांनी लिहिले. पतीचे दोष त्यांनी लपविले नाहीत आणि स्वतःच्या फजितीवर तर त्या सर्वांत अधिक हसल्या. या आठवणी ‘स्मृतिचित्रे’ या नावाने १९३४ पासून भागाभागाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागल्या आणि मराठी वाचक त्या वाचून थक्क झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तो ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.