पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा



दर वर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन पाळला जातो. त्या निमित्ताने आपल्या शेजारच्या गोव्यातील एका माणसाची ओळख करून द्यावी, असे आम्हांला वाटले. पालीहून मुंबई-गोवा हायवेने खाली गेले की म्हापसा लागते आणि म्हापशाजवळच बार्देश तालुक्यातील पर्रा हे गाव आहे. कलिंगडांसाठी त्याचे नाव आहे. डॉमिनिक डिसोझा याच गावचे. २००५ साली आलेला 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातला पोहण्याची स्पर्धा जिंकणारा नायक कल्पित आहे. पण त्याला जसे कोंडून ठेवतात, तसे डॉमिनिक यांना खरोखरच कोंडले होते.

निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या एका संस्थेत ते नोकरीला होते. वय तिशीच्या आतबाहेर. रक्तदान ते नेमाने करीत आणि याच चांगल्या सवयीमुळे त्यांच्या रक्तातील एचआयव्हीचा विषाणू उघडकीस आला. (रक्त दिल्याने एचआयव्ही होतो असा गैरसमज आजही कोणाकोणाच्या मनात असतो. तसे होत नाही. प्रत्येक दात्यासाठी सुई नवी असते.) भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये. त्यामुळे त्या वेळी डॉक्टरांनाही त्याची पुरती माहिती नव्हती, मग पोलिसांना कुठून असणार?

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस डॉमिनिक यांना घेऊन गेले. आपल्याला काय झाले आहे, हे त्यांना कोणी समोर बसवून, धीर देऊन सांगितले नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा असे कलम होते की, एचआयव्ही आढळलेल्या माणसाला सक्तीने वेगळे ठेवायचे. त्या कलमाखाली त्यांना क्षयरोग्यांच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या सॅनेटोरियममध्ये नेले आणि बाहेर पहारा बसवला. तिथे ते ६४ दिवस होते.

या ६४ दिवसांवर थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते. डॉमिनिक तेव्हा चालते-फिरते होते, अंगात ताप नव्हता की खोकला नव्हता. एचआयव्ही म्हणजे विषाणू. एड्स ही त्यानंतर, बहुधा काही वर्षांनी येणारी अवस्था. म्हणजे जो आजार अजून अंगावर आलाच नव्हता, त्याच्यासाठी माणूस कोंडला गेला. हा विषाणू हात हातात घेतल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने पसरत नाही. तेव्हा त्या पहाऱ्याने गावाचे रक्षण काही झाले नाही. बंद खोलीत एकट्याने रात्री काढताना त्या तरुणाच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार त्या कायद्यात कुठेच नव्हता. आमच्या मते पहिली जखम तिथे झाली, आणि ती विषाणूने केली नव्हती.

त्यांच्या आई लुसी डिसोझा मात्र गप्प बसल्या नाहीत. मुलाला असा आजार आहे असे कळले की घरचे दार लावून घेणारी माणसे आपण पाहतो. या माउलीने स्वतःच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे अर्ज केला. आनंद ग्रोव्हर यांनी वकीलपत्र घेतले. मित्रमंडळीही रस्त्यावर उतरली. एप्रिलमध्ये न्यायालयाने डॉमिनिक यांना घरी जाऊ दिले. त्याच वर्षी कायदा थोडा सैल झाला आणि वेगळे ठेवायचे की नाही हे सरकारच्या मर्जीवर आले. डिसेंबरमध्ये निकाल लागला तो मात्र लुसीबाईंच्या बाजूने नव्हता. सार्वजनिक हितासाठी असे वेगळे ठेवणे योग्य, असे न्यायालयाने मानले. मुलगा घरी आला खरा, पण खटला आईने हरला.

घरी आल्यावरही सगळे पूर्ववत झाले नाही. नाव आणि फोटो छापून आलेल्या माणसाला लपायला जागा नव्हती. नोकरीही गेली. पण पुढे त्यांनी लपणेच सोडून दिले. ज्यांना नुकतेच आपल्या रक्ताचा रिपोर्ट कळला आहे अशांशी ते बोलू लागले. इझाबेल डि सांता रिटा वाझ या मैत्रिणीच्या साथीने एप्रिल १९९२ मध्ये त्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. रुग्णाजवळ बसणे, त्याचे ऐकून घेणे, घरच्यांना समजावणे हे तिचे काम. स्वतःला जे मिळाले नाही, तेच त्यांनी इतरांसाठी मांडून ठेवले.

पुढच्याच महिन्यात, मे १९९२ मध्ये, मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. विषाणूला खरोखर आवर घालणारी एकत्रित औषधे १९९६ साली आली. चार वर्षांचे अंतर. संस्था मात्र त्यांच्यामागेही चालू राहिली.

आता परिस्थिती फार बदलली आहे. सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून औषधे मोफत मिळू लागली. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती न चुकता घेतली आणि रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, की शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला होत नाही. गोळी चुकते ती बहुधा मन खचल्यामुळे. झोप लागत नाही, जगावेसे वाटत नाही, घरात पेला वेगळा ठेवलेला दिसतो. मग माणूस केंद्रावर जायचेच टाळतो. आपल्या कोकणात तर मुंबईहून आजारी होऊन परतलेल्या कित्येकांनी हे दुखणे कावीळ किंवा टीबी म्हणून झाकले. घरच्यांनीही झाकले. त्यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. गाव काय म्हणेल ही भीती खोटी नव्हती.

डॉमिनिक यांना कोंडले त्यानंतर २८ वर्षांनी, २०१७ साली, संसदेने एचआयव्हीबाबत कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, आणि एचआयव्ही आहे एवढ्या कारणाने नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याची खोली नाकारता येत नाही.

तपासणीआधी आणि नंतर समुपदेशकाशी बोलण्याची सोय सरकारी तपासणी केंद्रांवर मोफत आहे. फोनवर विचारायचे असल्यास १०९७ हा क्रमांक आहे. मन फारच खचले असेल तर १४४१६. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत.