भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, समाजसुधारक आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. ग्रामीण भागातील शेतकरी, कष्टकरी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना शिक्षण मिळावे यासाठी त्यांनी वसतिगृहे आणि 'कमवा व शिका' योजना उभारली.

सुरुवातीचे जीवन

भाऊरावांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव गंगाबाई होते. शिक्षणासाठी ते कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले; मात्र मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण त्यांना पूर्ण करता आले नाही. कोल्हापुरातील वास्तव्यात राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा आणि महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. जातिभेद न पाळण्याच्या आग्रहामुळे त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले.

पुढे त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून काम केले. या निमित्ताने गावोगाव फिरताना शेतकऱ्यांचे कर्जबाजारीपण आणि निरक्षरता त्यांनी जवळून पाहिली. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी सावकाराच्या कागदावर निमूटपणे अंगठा उठवतो, हे दारिद्र्याचे एक मूळ आहे, अशी त्यांची धारणा झाली.

रयत शिक्षण संस्था

४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले (तालुका कराड) येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य कार्यालय सातारा येथे आणण्यात आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले.

त्या काळातील बहुतेक वसतिगृहे एकेका जातीसाठी चालवली जात. साताऱ्यात मात्र सर्व मुले एकाच पंगतीत जेवत आणि स्वयंपाकातही वाटा उचलत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांचा आईच्या मायेने सांभाळ करीत. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा त्यांनी मंगळसूत्रासह आपले दागिने मोडले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

कमवा व शिका

केवळ देणग्यांवर शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनात मिंधेपणा राहतो, असे भाऊरावांचे मत होते. त्यामुळे शेती, बांधकाम आणि स्वच्छता ही कामे विद्यार्थी स्वतः करीत व त्या श्रमांतून शिक्षणाचा खर्च भागवीत. शरीरश्रम करणाऱ्यांना हीन लेखणाऱ्या समाजात या योजनेने श्रमालाही प्रतिष्ठा मिळवून दिली.

खेड्यांतील शाळांसाठी शिक्षक तयार करण्याच्या हेतूने १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू करण्यात आले. त्यानंतर शाळा नसलेल्या गावांत संस्थेने शेकडो प्राथमिक शाळा काढल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत व निवासी विद्यालय, तर १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. त्यामुळे खेड्यातील गरीब विद्यार्थ्याला प्राथमिक शाळेपासून पदवीपर्यंतचा मार्ग एकाच संस्थेत खुला झाला. १९५४ मध्ये कराड येथे संत गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय स्थापन झाले.

सन्मान व निधन

लोकांनी त्यांना 'कर्मवीर' ही उपाधी दिली. १९५९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी देऊन त्यांचा गौरव केला. मॅट्रिक न झालेल्या या शिक्षणप्रसारकाचे त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे निधन झाले. सातारा येथे त्यांची समाधी आहे. वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह असून, महाराष्ट्रातील मोठ्या शिक्षणसंस्थांमध्ये तिची गणना होते.