लष्करी ट्रकचे मेकॅनिक आणि बाबासाहेब

बाभुळगावातला एखादा पोरगा दहावीनंतर आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेतो. या शिक्षणाची मुळं दुसऱ्या महायुद्धात आहेत आणि त्या गोष्टीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत, हे त्याला फारसं कुणी सांगत नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवायचे. पुढे इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. नोकरी गेलीच, तिच्यासोबत शिकायची वाटही गेली.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं. हिंदी फौज वाढत वाढत २५ लाखांच्या घरात गेली. घोडे-खेचरांच्या जागी ट्रक आले. पण ट्रक बंद पडला तर? नुसता ड्रायव्हर असून भागत नाही. फिटर, टर्नर, वेल्डर, मोटार मेकॅनिक हवेत, तेही हजारोंनी. म्हणून सरकारनं १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षण योजना काढली. तंत्रसंस्थांत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि कारखान्यांत पोरं शिकू लागली.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि ही योजना त्यांच्या हाती आली. बेव्हिन योजनाही त्याच खात्याची. तिच्यातून इथले कामगार थेट ब्रिटनच्या कारखान्यांत शिकायला जायचे.

पण दलित पोरांचं काय? बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला निवेदन दिलं. विज्ञान-तंत्रज्ञानाचं शिक्षण महाग आहे, ते या मुलांना परवडत नाही, म्हणून शिष्यवृत्त्या द्या, परदेशी पाठवा. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवार म्हणून घ्या, अशी मागणी केली. कारण साधं होतं. यंत्र दुरुस्त करणाऱ्याची जात यंत्र विचारत नाही, पण वर्कशॉपच्या दारात ती विचारली जायची. त्यानंतर सरकारनं शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपये मंजूर केले.

युद्ध संपताना नवा प्रश्न आला: घरी परतणाऱ्या जवानांना काम कोण देणार? त्यासाठी १९४५ मध्ये मजूर खात्यात पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय सुरू झालं.

आयटीआय बाबासाहेबांनी काढल्या, असं म्हणणं मात्र चूक ठरेल. त्या १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिल्या. तेव्हा ते कायदामंत्री होते. पण सरकारी खर्चानं हातात पाना देणारी व्यवस्था युद्धकाळात उभी राहिली, आणि तो पाना सगळ्यांच्या हाती यावा म्हणून ते भांडले.