कावसजी

कावसजी (१८वे शतक) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात बैल हाकणारे मराठी शेतकरी होते. १७९२ च्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले व तेथे त्यांचे नाक आणि एक हात कापण्यात आला. नाक कापणे ही देहापेक्षा अब्रूला दिलेली शिक्षा; शूर्पणखेच्या आख्यायिकेमुळे ती नाशिकच्या नावाशीही जोडली गेली आहे.

वर्षाहून अधिक काळ नाकाविना काढल्यावर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यांना नवे नाक बसवले. मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून त्याने चेहऱ्यास शोभेल असा आकार आधी ठरवला. मग तो पापुद्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ आखली व तेवढीच कातडी सोडवून खाली वळवली. दोन्ही डोळ्यांमधील अरुंद पट्टी मात्र त्याने जोडलेलीच राखली. जखम भरेपर्यंत रक्त तिच्यातूनच पोहोचते.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकीकत सचित्र छापली. तिच्या आधारे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये अशीच शस्त्रक्रिया केली. कावसजींना कंपनीचे निवृत्तिवेतन मिळाले. त्या हकीकतीत कारागिराची जात नोंदली आहे, नाव नाही.