गणितानंद कापरेकर : एका शिक्षकाची संख्यासाधना

गणितातील सत्ये मनुष्य निर्माण करतो, की ती आधीपासूनच असतात आणि मनुष्याला केवळ गवसतात? प्लेटोपासून तत्त्वज्ञ या प्रश्नाचा विचार करीत आले आहेत. देवळालीच्या एका शाळाशिक्षकाने ग्रंथ न लिहिता, साध्या वजाबाकीतून या प्रश्नाला स्पर्श केला. ते शिक्षक म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. बालपणीच आईचे छत्र हरपले. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाची आवड होती. त्या आकडेमोडीतून मुलाला संख्यांचा लळा लागला. शालेय शिक्षण ठाण्याला आणि पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शिकवीत राहिले.

त्यांचे नाव अजरामर केले ते ६१७४ या संख्येने. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्याच अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या मांडून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. शून्य आले तर तेही अंक म्हणून जपावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तेथेच स्थिरावते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरते. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. दशमान पद्धती मनुष्यानेच स्वीकारली. दुसऱ्या पद्धतीत हा आकडा राहत नाही. मग हे सत्य मानवनिर्मितच नव्हे काय? परंतु खेळाचे नियम ठरविले, तरी निकाल ठरविता येत नाही. तीन अंकी संख्यांसाठी असे मुक्कामाचे स्थान ४९५ आहे. दोन अंकी आणि पाच अंकी संख्यांना मात्र ते नाही, त्या चक्रात फिरत राहतात. कापरेकरांनी ते कल्पनेने रचले असते, तर सर्वांनाच एकेक मुक्काम देता आला असता. ६१७४ ना दगडात आहे, ना ताऱ्यात. तरीही देवळालीत कागदावर निघालेले उत्तर बंगळूरच्या वर्गात फळ्यावर वेगळे निघत नाही.

अशी सत्ये कापरेकरांना ठायी ठायी दिसत. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या काळच्या स्थानकाच्या नावावरून ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १११ चा वर्ग १२३२१ हा त्यांपैकीच एक. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन. त्यामुळे तीही हर्षदच.

अनेकांना हे संशोधन केवळ करमणूक वाटले आणि त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या आपल्या स्तंभात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. तोवर कापरेकर सत्तरीत पोहोचले होते. निवृत्तीनंतर चरितार्थासाठी शिकवण्या घेतानाही त्यांची संख्यासाधना खंडित झाली नव्हती. मान्यता लवकर मिळाली असती तरी ६१७४ मध्ये एकाचीही भर पडली नसती, आणि उशिरा मिळाली म्हणून त्यातून एकही वजा झाला नाही.

१९८६ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या जन्मवर्षाच्या १९०५ या संख्येवर ती कृती केली, तर सातव्या वजाबाकीत ६१७४ येते. मृत्युवर्षाच्या १९८६ वर केली, तर सहाव्या.