नाबोथाच्या शेजारी कोण उभं राहिलं?

आजचा शास्त्रभाग : १ राजे २१:१-२०



नाबोथाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये कितीदा तरी ऐकली आहे. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा द्राक्षमळा भाजीपाला लावायला हवा होता. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती जमीन त्याच्या वाडवडिलांची होती. मग ईजबेलीने राजाच्या शिक्क्याची पत्रं पाठवली, उपास जाहीर करवला, दोन साक्षीदार बसवले. सगळं अगदी रीतसर झालं आणि नाबोथाला दगडमार करून ठार केलं.

काल रात्री वाचताना मी अकराव्या वचनाशी थांबलो. पत्रं आली होती ती नगरातल्या वडीलजनांना. साक्षीदार खोटे आहेत हे त्यांना आधीच माहीत होतं. तरी त्यांच्यातला एकही नाबोथाच्या शेजारी जाऊन उभा राहिला नाही. एलीया आला तेव्हा नाबोथ मेलेला होता.

आज मी अशा एका माणसाबद्दल लिहितोय जो वेळेवर शेजारी जाऊन उभा राहिला. त्याचं नाव रेव्ह. सॅम्युएल वुस्टर.

त्याचा जन्म १७९८ चा, तो वाढला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या पीचम गावी. घराण्यात कित्येक पिढ्या पाळक. वडील पाळक होण्याआधी छापखान्यात काम करायचे, त्यामुळे मुलाला अक्षरं जुळवण्याचं कामही येत होतं. सॅम्युएल नावाचाच त्याचा एक काका सेलम गावचा पाळक आणि अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचा पहिला सचिव होता. ही संस्था आपल्याला परकी नाही. १८१३ मध्ये मुंबईला पोहोचलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना पाठवणारी हीच संस्था. अहमदनगरचं मिशन हिचंच, आणि ना. वा. टिळकांनी सेवा केली तीही याच मिशनमध्ये. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा धागा तिथपर्यंत जातो.

पुतण्याला मात्र याच संस्थेने १८२५ मध्ये चेरोकी लोकांमध्ये पाठवलं. चेरोकी हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. जॉर्जिया राज्याने स्वतःच्या हद्दीत धरलेल्या भागात त्यांचं न्यू इचोटा हे राजधानीचं गाव होतं. त्यांची स्वतःची राज्यघटना होती आणि स्वतःचं न्यायालय होतं. सिक्वोया नावाच्या त्यांच्याच एका माणसाने त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली होती. वुस्टरने या लोकांवर रोमन अक्षरं लादली नाहीत. सिक्वोयाच्या लिपीचे खिळे बॉस्टनमध्ये ओतून घ्यायला त्याने मदत केली. फेब्रुवारी १८२८ मध्ये चेरोकी फीनिक्स हे वर्तमानपत्र निघालं, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. संपादक होता एलायस बूडिनॉट, स्वतः चेरोकी आणि वुस्टरचा जिवलग. ती लिपी आज युनिकोडमध्ये आहे. आपल्या फोनवरही ती वाचता येते.

पुढे त्या भागात सोनं सापडलं. जॉर्जियाला जमीन हवीच होती, आता घाई झाली. डिसेंबर १८३० मध्ये राज्याने कायदा केला: चेरोकी भूमीत राहणाऱ्या प्रत्येक गोऱ्या पुरुषाने राज्याचा परवाना घ्यायचा आणि राज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची. मिशनरी लोकांना सल्ला देतात, म्हणून त्यांना आधी बाजूला करायचं हा त्यातला हेतू होता.

वुस्टरपुढे प्रश्न साधा होता. शपथ घेतली असती तर शाळा, उपासना, भाषांतर सगळं सुरू राहिलं असतं. पण सही करणं म्हणजे ही भूमी चेरोकींची नाही असं कबूल करणं. त्याने सही केली नाही.

मार्च १८३१ मध्ये अटक झाली. तो गावचा पोस्टमास्तर, म्हणजे केंद्र सरकारचा माणूस, म्हणून सुटला. मग त्याची पोस्टमास्तरकी काढून घेतली आणि जुलैमध्ये पुन्हा अटक झाली. त्या वेळी पकडलेल्यांपैकी काहींना साखळीने बांधून मैलोन् मैल चालवत नेलं. जामिनावर सुटल्यावर तो जॉर्जियाच्या हद्दीबाहेर राहिला. ऑगस्टमध्ये त्याची तान्ही मुलगी न्यू इचोटाला वारली आणि तो तिथे नव्हता. बायकोला भेटायला आला तर तिथेही अटक, पण कारण कळल्यावर त्याला सोडून दिलं. हा भाग वाचताना मला पुढे जायला वेळ लागला.

सप्टेंबरमध्ये अकरा जणांना चार वर्षं सक्तमजुरी झाली. शपथ घ्या किंवा राज्य सोडा, माफी मिळेल, असं सांगितल्यावर नऊ जणांनी माफी घेतली. वुस्टर आणि डॉ. एलायझर बटलर हे दोघेच मिलेजव्हिलच्या तुरुंगात गेले.

खटला सुप्रीम कोर्टात गेला. ३ मार्च १८३२ ला सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला: चेरोकी हे वेगळं राष्ट्र आहे आणि त्यांच्या भूमीत जॉर्जियाचा कायदा चालत नाही. हा निकाल आजही अमेरिकेतली न्यायालयं आधाराला घेतात.

इथे पिक्चर संपायला हवा ना? पण जॉर्जियाने निकाल मानलाच नाही आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी तो अमलात आणला नाही. वुस्टर तुरुंगातच होता, आणि त्याच वर्षी जॉर्जियाने चेरोकी जमिनीचे तुकडे पाडून लॉटरी काढली. चिठ्ठी ज्याच्या नावाची, जमीन त्याची.

वर्ष संपताना साउथ कॅरोलिना आणि केंद्र यांच्यात दुसराच वाद पेटला. देशात युद्ध होईल अशी भीती होती. ज्या संस्थेने त्याला पाठवलं, तिनेच आता खटला सोडायचा सल्ला दिला. वुस्टर आणि बटलर यांनी गव्हर्नरना पत्र लिहिलं. त्यात आमचं मत बदललेलं नाही असा सूर होता, तो गव्हर्नरना झोंबला. मग दुसरं, मवाळ पत्र लिहिलं. १४ जानेवारी १८३३ ला दोघे सुटले.

तो हरला का? मला ठरवता येत नाही. अनेक चेरोकी लोक त्याच्यावर नाराज झाले, आणि ते चूक होते असं मी म्हणणार नाही. आणखी एक गोष्ट लपवू नये. श्रीमंत चेरोकी कुटुंबं काळे गुलाम बाळगत, आणि मिशनने अशा लोकांना मंडळीतून काढलं नाही. एका नाबोथासाठी तुरुंगात जाणाऱ्या मंडळीला शेजारचा दुसरा नाबोथ नीट दिसला नाही. संतांच्या गोष्टी धुऊन-पुसून सांगितल्या की आपल्याला स्वतःच्या चुका दिसेनाशा होतात, म्हणून हे लिहितोय.

मग त्याने काय केलं? १८३४ मध्ये त्याचं राहतं घरही लॉटरीतल्या विजेत्याला गेलं. आता व्हरमाँटला परत जायला त्याला कुणी अडवलं नसतं. पण चेरोकींना जिथे हाकलणार होते तिथे, आजच्या ओक्लाहोमात, तो १८३५ मध्ये कुटुंबासह आधीच पोहोचला आणि छापखाना मांडला. १८३८ मध्ये लष्कराने लोकांना घरांतून बाहेर काढलं. सुमारे १६,००० माणसं पश्चिमेकडे नेली गेली, त्यांतली सुमारे ४,००० मेली असा अंदाज आहे. जे पोहोचले त्यांच्यासाठी पार्क हिलला त्यांच्याच लिपीत पंचांग, गीतं आणि देवाचं वचन छापलं जात होतं. बूडिनॉटने जमीन सोडण्याच्या करारावर सही केली होती, म्हणून त्याच्याच लोकांनी १८३९ मध्ये वुस्टरच्या घराजवळ त्याचा खून केला. पुढच्या वर्षी पत्नी ॲन वारली. वुस्टर तिथेच भाषांतर करत राहिला आणि २० एप्रिल १८५९ ला तिथेच वारला. चेरोकी नवा करार पुढच्या वर्षी पूर्ण छापून आला. जॉर्जियाने त्याला आणि बटलरला अधिकृत माफी दिली ती १९९२ मध्ये.

आता माझं सांगतो. दर नाताळला आमचा तरुण संघ पालघरकडच्या एका पाड्यावर ब्लँकेट्स घेऊन जातो. मागच्या वेळी एका मावशींनी जमिनीची एक नोटीस माझ्या हातात दिली आणि वाचून सांग म्हणाल्या. बस सुटत होती. मी फोटो काढला आणि बघून कळवतो म्हणालो. तो फोटो अजून माझ्या गॅलरीत आहे, ब्लँकेट वाटपाच्या सेल्फींच्या मधोमध. इज्रेलच्या त्या वडीलजनांसारखा कागद माझ्याही हातात आला होता. मी खोटी साक्ष दिली नाही, पण उत्तरही दिलं नाही.

तुमच्या फोनमध्ये असा एखादा फोटो, एखादा न उघडलेला मेसेज आहे का? आज तो उघडूया. मी या शनिवारी पाड्यावर जातोय, एका वकील मित्राला बरोबर घेऊन. उशीर झालाय हे माहीत आहे.

प्रार्थना : प्रभू येशू, तू आमच्यात येऊन राहिलास, लांबून मदत पाठवली नाहीस. ज्यांची जमीन, भाषा आणि घर हिरावलं जातंय त्यांच्याजवळ जायला आम्हाला वेळेवर उठव. आमचं चुकतं तिथे आम्हाला दाखव, आणि निकाल विरुद्ध गेला तरी तिथेच राहायची ताकद दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.