सुरेनची नूर

आपल्या मेहकरला जशी पैनगंगा, तशी पॅरिसच्या पश्चिमेला असलेल्या सुरेन या गावाला सेन नदी. गाव मोठे शांत. कधी तेथे गेलात, तर 'फजल मंझिल' हे घर जरूर पाहा. नावावरूनच तुम्ही ओळखले असेल, हे घर आपल्याकडच्या माणसाचे! बडोद्याचे गायक व सूफी हजरत इनायत खान यांचे.

नूर ही त्यांची थोरली मुलगी. जन्म १९१४ चा, मॉस्कोचा. ती तेरा वर्षांची असताना वडील वारले. आई खचली. धाकट्या भावंडांना नूरनेच सांभाळले. ती लाजाळू होती, वीणा वाजवी, मुलांसाठी गोष्टी लिही. अशी मुलगी पुढे हेरांत सामील होईल, असे कोणाला वाटले असते?

१९४० साली जर्मन फौजा आल्या, तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे नूर बिनतारी संदेश पाठवण्यास शिकली. जून १९४३ मध्ये तिला गुप्तपणे फ्रान्समध्ये उतरवले. थोड्याच दिवसांत तिचे बरेच साथीदार पकडले गेले. परत ये, असा लंडनचा निरोप आला. तिने नकार दिला. ती गेली असती, तर तिच्या गटाचे संदेश पाठवणारे कोणीच उरले नसते. यंत्राची पेटी घेऊन ती घरे बदलत राहिली. ऑक्टोबरमध्ये फितुरीने पकडली गेली. कैदेत तिला साखळदंड घातले, तरी तिने साथीदारांची नावे सांगितली नाहीत. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छावणीत तिला गोळी घातली. तेव्हा ती अवघी तीस वर्षांची होती.

ब्रिटनने १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. सुरेनमधल्या एका प्राथमिक शाळेला आज तिचे नाव आहे.